हॅलोविन पार्टी घरच्या घरी: कोकमाचं रक्त, रसगुल्ल्याचे डोळे आणि हडळीची बोटं

पहिल्या वर्षी मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही तरी करणार नाही. व्हिडिओ बघून लाल, काळा आणि हिरवा असे तीन खायचे रंग आणले, केकवर, सरबतात, क्रीममध्ये, दिसेल तिथे ओतले, फोटो एकदम झकास आले आणि खायला बसल्यावर सगळं आपलं एकाच चवीचं गोड गोड, वर सगळ्यांच्या जिभा दुसऱ्या दिवशी ऑफिसात पण लाल. एक मैत्रीण म्हणाली, "भूत राहू दे गं, हे खाऊनच भीती वाटली." तेव्हापासून एकच नियम केलाय: लाईट लावून साध्या ताटात वाढलं तरी लोकांनी परत मागितलं पाहिजे, मगच त्या पदार्थाचं भूत करायचं. आणि असं बघायला लागलं की बाहेरून फारसं काही आणावंच लागत नाही, रक्ताला कोकम आहे, बेडकाच्या अंड्यांना सब्जा आहे, आणि रंग बदलणारं विष सोसायटीच्या कुंपणावर गोकर्णाच्या वेलाला लटकतंय.

भुतांची पण आपल्याकडे काही टंचाई नाही. पिंपळावर मुंजा, उलट्या पावलांची हडळ, रात्री रस्ता चुकवणारा चकवा, सगळ्यांचा राजा वेताळ. मी प्रत्येक पदार्थापुढे काळ्या कागदाची चिठ्ठी लावून यांची नावं लिहिते, अर्धी मजा तिथेच येते. झॉम्बी नि व्हॅम्पायर ज्यांना पाहिजेत त्यांनी लिहावेत, पण पुण्यातल्या ग्रुपला "हडळीची बोटं घे ना अजून दोन" म्हणण्यात जी मजा आहे ती त्यात नाही.

सगळी मापं दहा जणांसाठी आहेत. तारीख ३१ ऑक्टोबर, आणि ती हमखास दिवाळीच्या आगेमागे येते, २०२४ला तर नेमकी नरक चतुर्दशीच होती म्हणजे पहाटे उटणं लावून अंघोळ नि संध्याकाळी हडळ. त्यामुळे फराळाची गडबड चालू असेल तर घरच्यांच्या गॅसवर आणि फ्रीजवर आक्रमण करायच्या आधी विचारून घ्या. विशेषतः फ्रीजर. एक अख्खा कप्पा लागणार आहे, का ते पुढे कळेल.

भोपळा, आणि त्याच्या घाऱ्या

दोन दिवस आधी मंडईत जा. आपल्याकडे लाल भोपळा फोडीवर विकतात, त्यामुळे जाऊन आधीच सांगायचं की "अख्खा पाहिजे, कापू नका", नाहीतर बोलेबोलेपर्यंत सुरी चाललेली असते. तीन ते चार किलोचा, बुडाला सपाट, टेबलावर डुगडुगणार नाही असा बघायचा. फोटोतल्यासारखा केशरी मिळाला नाही तर हिरवट-पिवळ्या सालीचा चालतो, आतून दिवा लावला की कापलेल्या कडा केशरीच दिसतात आणि हिरवी साल अंधारात उलट जास्त भुताळ वाटते. तसंही आयर्लंडमध्ये हे चेहरे आधी सलगमात कोरायचे, तिथले लोक अमेरिकेला गेले आणि तिकडे त्यांना मोठा, कोरायला सोपा भोपळा सापडला, म्हणजे जे हाताशी आहे ते घ्यायचं हीच मुळात रीत आहे.

आपला भोपळा जाड असतो. वरून देठाभोवती झाकण कापा, सुरी तिरकी धरा म्हणजे झाकण आत पडत नाही. बिया काढून बाजूला ठेवा. मग मोठ्या डावाने आतून खरवडत खरवडत ज्या बाजूला चेहरा काढायचाय ती भिंत बोटभर जाडीची करा, बाकीची जाड राहिली तरी चालेल. चेहरा आधी स्केचपेनने काढा, तीन त्रिकोण नि एक वाकडंतिकडं तोंड, याच्यापेक्षा जास्त कलाकारी पहिल्यांदा नको. आत साधी पणती ठेवली की वरून काजळी धरते आणि भोपळा शिजल्याचा वास सुटतो, त्यामुळे बॅटरीची पणती बरी. कोरलेला भोपळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मऊ पडतो आणि चिलटं येतात, म्हणून चेहरा पार्टीच्याच दिवशी दुपारी कापा. आतला गर मात्र आदल्या दिवशीच काढून घ्या कारण त्याच्या घाऱ्या करायच्यात.

अर्धा किलो गर किसून घ्या, कढईत चमचाभर तुपावर परता, त्यात २०० ते २५० ग्रॅम चिरलेला गूळ घाला आणि पाणी आटून गोळा व्हायला लागेपर्यंत शिजवा. पूर्ण गार होऊ द्या. मग चिमूटभर मीठ, जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी, एक मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक, साधारण अडीच वाट्या लागते. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. पीठ घट्ट हवं, अर्धा तास झाकून ठेवा.

आता इथे खरी गोम आहे. नेहमीची घारी टम्म फुगते, पण आपण तिला डोळे नि तोंड कापणार, भोकं पडली की वाफ निघून जाते आणि ती फुगत नाही. पातळ लाटली तर मग नुसती कडक पुरी होते. म्हणून शंकरपाळ्यापेक्षा थोडी जाड, चार-पाच मिलिमीटर लाटा, वाटीने गोल पाडा, डोळ्यांना पेनाचं स्वच्छ धुतलेलं टोपण दाबा आणि तोंड सुरीच्या टोकाने नागमोडी कापा. भोकं वाटतात त्यापेक्षा मोठी ठेवा, तळताना बुजतात. मध्यम आचेवर सावकाश तळा, गूळ असल्यामुळे मोठ्या आचेवर दोन मिनिटांत काळ्या पडतात आणि आतून कच्च्या राहतात. पंचवीसेक चेहरे होतात, आदल्या रात्री करून ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी उलट जास्त छान लागतात. माझ्या मते अख्ख्या पार्टीतला हा सगळ्यात चांगला पदार्थ आहे, बाकी काही नाही केलं तरी हा करा.

हडळीची बोटं

ही म्हणजे नानकटाईच, फक्त सोडा न घालता. सोडा नाही म्हणजे अजिबात नाही, मी सवयीने पाव चमचा घातला होता तर ट्रेमध्ये बोटं पसरून एकमेकांना चिकटली आणि पैलवानाचा पंजा तयार झाला. अर्धी वाटी घट्ट तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर हलकं होईपर्यंत फेटा, त्यात एक वाटी मैदा, पाव वाटी बेसन, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून गोळा करा. फार मळू नका. कोरडं वाटलं तर चमचाभर दूध.

बोटं वळताना पेन्सिलीएवढीच बारीक वळायची, कारण भाजल्यावर ती तुमच्या बोटाएवढी होतात. मधे दोन ठिकाणी किंचित चिमटा काढला की सांधे फुगीर दिसतात, त्यावर सुरीच्या मागच्या बाजूने तीन-तीन रेघा मारा. नखाला बदाम. सालीसकट लावला तर जुनाट चेटकिणीचं तपकिरी नख, भिजवून सोलून लावला तर मेलेल्या माणसाचं पांढरं नख, मला दुसरं आवडतं. पण भिजवलेला बदाम आधी फडक्याने कोरडा पुसा. सगळी बोटं ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग १६५ ते १७० डिग्रीवर पंधरा ते अठरा मिनिटं. रंग फार येऊ द्यायचा नाही, कडा जेमतेम बदामी झाल्या की काढा. गरम असताना हात लावू नका, मोडतात. गार झाल्यावर नख अलगद उचलून खाली थोडा लाल जॅम लावून परत दाबा, जॅम कडेने बाहेर येतो आणि बघणाऱ्याच्या पोटात कालवतं. साधारण बावीस-चोवीस बोटं होतात. बदाम न चालणारं कोणी असेल तर आधी विचारून त्यांच्यापुरती नखं टूटीफ्रूटीची करा.

मुंजा

ज्यांच्या मोदकाला जन्मात कधी कळ्या पडल्या नाहीत त्यांच्यासाठी हा पदार्थ. नेहमीसारखी दोन वाट्या तांदळाच्या पिठीची उकड काढा, गूळ-खोबऱ्याचं सारण भरा, पण कळ्या पाडायच्याच नाहीत, पारी नुसती वर ओढून गुळगुळीत मिटवा आणि टोक थोडं लांब ठेवून बोटाने एका बाजूला वाकवा. झालं भूत. पांढरं, गुबगुबीत, शेंडी वाकडी. दहा-बारा मिनिटं वाफवा आणि डोळ्याचे काळे तीळ वाफवून झाल्यावरच लावा, आधी लावले तर वाफेच्या पाण्याने घसरून गालावर येतात. टूथपिकचं टोक ओलं करून तीळ उचलायचा आणि चिकटवायचा, दोन डोळे आणि पाहिजे तर "ओ" केलेलं तोंड. खायच्या वेळी गरम गरम तूप वरून. माझी आई पहिल्यांदा बघून म्हणाली, "अगं बाप्पाच्या नैवेद्याचं भूत काय करतेस," आणि मग तिनेच तीन खाल्ले. तरी घरात कोणाला खटकत असेल तर सारणाच्या जागी ओले मटार नि आलं-मिरची भरा, मग तो मोदकच नाही, प्रश्न मिटला.

वेताळाचे डोळे

रसगुल्ल्याचा एक किलोचा डबा. द्राक्षं घालायची असं सगळीकडे सांगतात पण ऑक्टोबरात आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम नसतो, मिळाली तरी महाग नि आंबट, त्यापेक्षा काळ्या मनुका दहा मिनिटं पाण्यात भिजवल्या की छान गोल होतात. रसगुल्ला तळहातावर हलका दाबून पाक काढा, पिळू नका. वर सुरीच्या टोकाने छोटी चीर, त्यात मनुका. आता त्या मनुकेभोवती दाट केलेल्या गोकर्णाच्या निळ्या पाण्याचे दोन-तीन थेंब सोडा, रसगुल्ला स्पंजसारखा पितो आणि आपोआप निळं बुबुळ तयार होतं. शेवटी बिटाच्या रसात टूथपिक बुडवून कडेने लाल शिरा. हे शिरांचं काम वाढायच्या अर्धा तास आधीच करा, आधी केलं तर बीट पसरतं आणि डोळे आल्यासारखे दिसतात, जे तसं वाईट नाही. थंड बासुंदीत तरंगत ठेवा.

तिखट खाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी पटकन. एक, ममी: पनीरचे बोटाएवढे तुकडे हिरवी चटणी लावून घ्या, त्यावर मैद्याच्या पोळीच्या बारीक पट्ट्या वेड्यावाकड्या गुंडाळा, डोळ्यांपुरती फट ठेवा, तेलाचा हात लावून एअर फ्रायरमध्ये १८० वर दहा-बारा मिनिटं किंवा सरळ तळा. सोबत चिंच-खजुराची दाट चटणी पसरट ताटलीत, तिच्यावर घुसळलेल्या दह्याची गोल गोल वर्तुळं आणि मधून बाहेर टूथपिक ओढली की कोळ्याचं जाळं. चटणी पातळ असेल तर जाळं बुडतं. दोन, अंडी: दहा मिनिटं उकडून, कवच न काढता चमच्याने सगळीकडून टिचकवा आणि रात्रभर मीठ घातलेल्या बिटाच्या पाण्यात फ्रीजमध्ये ठेवा. सोलल्यावर अंड्यावर जांभळ्या भेगांची नक्षी उठते. न खाणाऱ्यांसाठी ही वेगळ्या ताटात.

फुटक्या काचा

हे थोडं धाडसाचं काम आहे, पहिल्यांदाच पार्टी करत असाल तर सोडून द्या. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, अर्धी वाटी लिक्विड ग्लुकोज (केकचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं). साखर विरघळेपर्यंत ढवळा आणि नंतर चमचा लांब ठेवून द्या, ढवळत राहिलात तर परत साखर होते. पाक एकतारी, दोनतारी, गोळीबंद सगळं ओलांडून चिक्कीच्याही थोडा पुढे गेला पाहिजे, थर्मामीटर असेल तर १५० डिग्रीच्या आसपास. नसेल तर गार पाण्यात थेंब टाका, काढून वाकवल्यावर कट्कन मोडला पाहिजे, चावल्यावर दाताला चिकटता कामा नये. तूप लावलेल्या स्टीलच्या ताटात ओता, गार झाला की उलटा करून बत्त्याने एक ठोका. हा पाक हातावर उडाला तर चिकटून भाजतो, त्यामुळे त्या वेळेला ओट्याजवळ पोरं नकोत आणि फोनवर बोलत तर अजिबात करू नका. फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, ओल धरून चिकट होतो. व्हॅनिला आइसक्रीमवर तुकडे रोवून वरून कोकम सिरपची धार सोडा. कडा खऱ्या काचेसारख्या धारदार होतात, छोटे तुकडे करून चोखायला सांगा.

प्यायचं काय

मुख्य पेय कोकमाचं. त्याचं नाव मी "काका मला वाचवा" ठेवलंय. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ती हाक अजून ऐकू येते असं सांगतात, इतकं भारी भूत घरापासून दोन किलोमीटरवर असताना दुसरं नाव कशाला शोधायचं.

कोकम आणताना बाटलीवर आगळ लिहिलंय की सरबत हे नीट वाचा. आगळ म्हणजे नुसता मीठ घातलेला अर्क, त्यात साखर नसते, आणि ते सरबत समजून ओतलं तर पाहुणे खरंच किंचाळतील. आपल्याला गोड सिरप पाहिजे, साधारण ४०० मिली. त्यात एक लिटर गार पाणी, दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक छोटा चमचा काळं मीठ, आणि एक लिटर सोडा, पण सोडा लोक दारात आल्यावरच घालायचा. चाखून बघा, सिरपमध्ये साखर कमीजास्त असते.

फ्रीजरचा कप्पा यासाठी. पावडर नसलेला नवीन हातमोजा आतून बाहेरून धुवा, पाणी भरा, मनगटाला घट्ट गाठ मारा आणि ताटलीत आडवा ठेवून अख्खा दिवस गोठवा. रात्रभरात बाहेरून कडक होतो पण तळवा आत पाणीच राहतो. काढताना ओढू नका, बोटं तुटतात (तुटलीच तर तीही सोडा, छानच दिसतात). अर्धा मिनिट नळाखाली धरा नि मोजा कात्रीने कापून सोला. हा बर्फाचा हात लाल पातेल्यात तरंगत ठेवला की खोलीत येणारा प्रत्येकजण पहिल्यांदा तिथेच जातो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, त्यामुळे पार्टी गुरुवारी येत असेल तर ते धरून दोन हात करून ठेवा.

दुसरं पेय चकवा. गोकर्णाची निळीच फुलं घ्यायची, वाळलेली पंचवीस-तीस किंवा ताजी असतील तर चाळीसेक, ताज्यांचे हिरवे देठ काढा. एक लिटर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा, गडद निळं पाणी येतं. त्यात साखरेचा पाक, गार झालं की भिजवलेला सब्जा. सब्जा दोन मोठे चमचे, भरपूर पाण्यात वीस मिनिटं, फुगून भोवती पारदर्शक गर येतो आणि हुबेहूब बेडकाची अंडी. लिंबू मात्र यात घालायचं नाही. मेडिकलमधून १० मिलीच्या नव्या सिरिंज आणा, सुई नको म्हणून सांगा, गरम पाण्याने धुवा, त्यात लिंबाचा गाळलेला रस भरून प्रत्येक ग्लासबरोबर एक द्या. रस सोडला की निळं पाणी डोळ्यांदेखत जांभळं होतं, फुलातल्या रंगद्रव्याला आंबट लागलं की ते रंग बदलतं, बस्स. नुसत्या गोकर्णाला चव म्हणाल तर काहीच नसते, त्यामुळे लिंबू आणि साखर दोन्ही जरा सढळ हाताने, आणि पाकात आल्याचे दोन काप उकळलेत तर फारच छान.

जेवणानंतर सोलकढी. नारळाचं दाट दूध लसूण-मिरची वाटून, मीठ घालून गाळून छोट्या काचेच्या ग्लासात भरा, आणि आगळ आधी मिसळू नका. वाढताना चमच्याने ग्लासाच्या आतल्या कडेने सोडा, पांढऱ्यावरून लाल ओघळ उतरतात. मीठ कमीच, आगळात असतं.

अंधारात चमकणारं काही पाहिजे असेल तर टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन असतं, ते यूव्ही दिव्याखाली निळं चमकतं. त्याचे बर्फाचे खडे करून लिंबू सरबतात टाका, कडवट लागतं म्हणून सरबत गोड ठेवा. कोकमात टाकून उपयोग नाही, गडद रंगात काही दिसत नाही.

आणि धूर. प्रत्येकजण विचारतो ड्राय आइस आणू का. तो म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड वायू, उणे ७८.५ डिग्रीला असतो, त्याचा खडा पोटात गेला तर आतून जखमा होतात. मार्च २०२४मध्ये गुरुग्रामला एका ठिकाणी माउथ फ्रेशनर म्हणून लोकांना ड्राय आइस दिला गेला आणि त्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. त्यामुळे ग्लासात कधीच नाही, आग्रह झाला तरी नाही. धूर पाहिजेच असेल तर मोठ्या परातीत कोमट पाणी, त्यात चिमट्याने ड्राय आइस, आणि मधोमध पेयाचं उंच पातेलं वेगळं. खिडक्या उघड्या, कारण तो वायू जड असतो नि जमिनीलगत साठतो, लहान मुलं आणि मांजरं खालीच असतात. बंद डब्यात किंवा बाटलीत ठेवू नका, फुटते. काळ्या रंगासाठी कोळशाच्या गोळ्या फोडून घालायचं खूळ पण नको, तो कोळसा औषधं शोषून घेतो आणि दहा जणांत कोणीतरी गोळ्या घेत असतंच. काळं पाहिजे तर भाजलेल्या काळ्या तिळाची पूड किंवा कोको.

दिवसाचा क्रम माझा असा असतो: दोन दिवस आधी मंडई आणि बोहरी आळीचा बाजार, आदल्या दिवशी हात गोठवणं, बोटं, घाऱ्या, अंडी, त्या दिवशी सकाळी गोकर्णाचं पाणी आणि सारण, दुपारी भोपळ्याचा चेहरा, पाचला मोदक आणि ममी, सहाला डोळे. दारू ज्यांना घ्यायचीय ते आपापल्या ग्लासात घालतात, मोठ्या पातेल्यात कोणी काही ओतायचं नाही हे मी दारातच सांगते कारण आमच्यात दोघं घेत नाहीत आणि एकाला गाडी चालवायची असते.

कोकम किंवा बीट कपड्यावर सांडलं तर लगेच गार पाण्याखाली धरा, वाळू दिलं की डाग बसलाच. सोफ्यावर जुनी चादर टाका, काळी असेल तर उत्तम. भोपळ्याच्या बिया धुवून, वाळवून, मीठ-तेल लावून १५० डिग्रीवर वीसेक मिनिटं भाजल्या की आवरताना चरायला होतात. आणि उरलेला बर्फाचा हात रात्रीच सिंकमध्ये गरम पाणी ओतून संपवा. मी एकदा तो कोकमाच्या पातेल्यासकट फ्रीजमध्ये ठेवून झोपले आणि सकाळी सातला मावशींनी दूध काढायला फ्रीज उघडला, अख्ख्या मजल्यावरच्या लोकांनी दारं उघडून बघितलं.